विजेच्या गाडीचे पंधरा महिने: गाडी चांगलीच आहे, प्लगचं बोला

पंधरा महिने झाले, ओडोमीटरवर २१,४०० किलोमीटर. घेतली तेव्हा ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना सांगत होतो, वर्षभर वापरून लिहितो. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोड्या कुरबुरी आहेत आणि त्यातल्या बहुतेक कुठल्याही कंपनीच्या गाडीला लागू पडतील. ४० युनिटची बॅटरी, पाच सीट, वीस लाखांच्या आतली गाडी, एवढं पुरे. आधीची पेट्रोल गाडी दहा वर्षं वापरली होती.

सुरुवात गाडीपासून करायला हवी, पण ती पार्किंगपासून करावी लागते. पहिले अकरा आठवडे माझ्याकडे गाडी होती आणि चार्जर नव्हता. शोरूमवाल्याने सांगितलं होतं, ‘सोसायटीचं पत्र आणा, आमचा माणूस येऊन बसवून जाईल.’ ते पत्र मिळवणं हे गाडी घेण्यापेक्षा मोठं काम निघालं. आमची सोसायटी पुण्यातली, वीस वर्षं जुनी, ४८ फ्लॅट. कमिटीचे प्रश्न तीन. आग लागली तर? लिफ्टचा लोड कमी पडला तर? आणि तिसरा, खरा प्रश्न: ‘अहो, आज तुम्हाला दिलं, उद्या सगळ्यांनी मागितलं तर?’ सेक्रेटरी काका माणूस चांगला, पण त्यांच्या टेबलावर माझा अर्ज दोन मीटिंगा नुसता पडून होता. शेवटी केंद्राच्या वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेली दुरुस्ती छापून नेली. ईव्ही चार्जिंगसाठी ग्राहकाला वेगळी वीजजोडणी मागता येते, हे त्यात आहे. कागद बघितल्यावर काका म्हणाले, ‘हे आधी का नाही आणलंत?’ आधी मलाच माहीत नव्हतं.

मग वायरिंग. मीटररूम एका टोकाला, माझं पार्किंग दुसऱ्या टोकाला, मध्ये ३५ मीटर. ७.२ किलोवॉटचा चार्जर म्हणजे ३२ अँपिअरचा लोड, तो घरातल्या साध्या वायरवर चालत नाही. आर्मर्ड केबल, वेगळा एमसीबी, आरसीसीबी (काही बिघडलं की वीज तोडणारे स्विच) आणि वेगळं अर्थिंग. नवीन मीटरसकट ३८ हजार गेले. इलेक्ट्रिशियन अर्थिंगवर अडून बसला तेव्हा मला वाटलं बिल वाढवतोय. ‘साहेब, अर्थिंग नीट नसलं तर गाडी करंट घेणारच नाही,’ म्हणाला. ते किती खरं, हे पुढे मे महिन्यात कळलं.

त्या अकरा आठवड्यांत बाहेरच्या फास्ट चार्जरवर दिवस काढले. मोबाइलमध्ये पाच अ‍ॅप, प्रत्येकात दोनशे-चारशे रुपये अडकलेले. अ‍ॅप म्हणतं गन, म्हणजे गाडीत खोचायचा चार्जरचा प्लग, मोकळी आहे; जाऊन बघावं तर समोर टॅक्सी लागलेली आणि ड्रायव्हर सीट मागे करून झोपलेला. त्याला तरी काय म्हणणार, त्याची पोटापाण्याची गाडी. सगळ्यांनाच छळणारी गोष्ट म्हणजे ऐंशी टक्क्यांनंतरचा वेग. दहापासून ऐंशीपर्यंत गाडी तासाभरात भरते आणि पुढच्या वीस टक्क्यांना जवळजवळ तेवढाच वेळ घेते. एसटी रिकामी असते तेव्हा माणसं पटापट बसतात, शेवटची पाच सीटं उरली की ‘जरा सरका हो’ सुरू होतं, तसंच. मागे रांग असताना कोणी ऐंशीच्या पुढे भरत बसला की तोंडातून वाईट शब्द येतात. पहिल्या महिन्यात माझ्यासाठीही आले असणार.

चार्जर बसला आणि दुसऱ्या दिवसापासून ही वेगळीच गाडी झाली. आठवड्यातून दोनदा रात्री लावायची, सकाळी काढायची. पेट्रोल पंपावर शेवटचा केव्हा गेलो आठवत नाही. हवा भरायला जातो तेवढंच. शहरात चालवायला इतकी सोपी, की बायको जुनी गाडी हातात घ्यायला कंटाळायची ती आता किल्ली आधी उचलते. क्लच नाही, गिअर नाही, सिग्नलला सुटताना धक्का नाही. एसी लावून तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलो तरी एक-दीड युनिट जातं. एक तोटा मात्र कुणी सांगितला नव्हता: आवाज. सोसायटीतली कुत्री पूर्वी सेल्फ मारला की गाडीखालून उठायची. आता उठत नाहीत. रोज खाली वाकून बघतो.

पैशाचा हिशोब. घरच्या वेगळ्या मीटरवर सगळे आकार धरून मला युनिट सव्वानऊ रुपयांना पडलं. बाहेर फास्ट चार्जरला १८ टक्के जीएसटी धरून चोवीसच्या आसपास. मीटरवर ४५ युनिट फिरतात तेव्हा बॅटरीत ४० पडतात, बाकीचे वाटेत जातात. हे जाहिरातीत नसतं. साधारण १७ हजार किलोमीटर घरच्या विजेवर झाले, त्याचे २५ हजार. उरलेल्या साडेचार हजारांसाठी बाहेर १८ हजार. एकूण ४३ हजार, म्हणजे किलोमीटरला दोन रुपये. जुनी गाडी लिटरला चौदा द्यायची, तिला याच अंतराला दीड लाखाच्या वर लागले असते. पण हीच गाडी पेट्रोलमध्ये पावणेचार लाखांनी स्वस्त होती. म्हणजे माझ्या वापराने फरक भरून निघायला चार वर्षं. ईव्हीवर जीएसटी पाचच टक्के आहे तरी ही स्थिती. कर्जाच्या व्याजावरची दीड लाखापर्यंतची आयकर सवलत मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती, ती मला मिळाली नाही. इन्शुरन्स वर्षाला नऊ हजारांनी जास्त, आणि गाडी वजनदार असल्याने पुढचे टायर आत्ताच अर्ध्याच्या खाली उतरलेत. महिन्याला पाचशे किलोमीटर चालवणाऱ्याने पैसे वाचतील म्हणून ही गाडी घेऊ नये.

लांबचा प्रवास म्हणजे माझी सासुरवाडी, चिपळूणहून गुहागरकडे जाताना. मे महिन्यात गेलो. पुण्यातून शंभर टक्क्यांवर निघालो, नव्वदच्या वेगाने कराडला पोचेपर्यंत ३० उरले. कंपनीच्या कागदावरच्या रेंजमधून हायवेला तिसरा हिस्सा वजा करा, मग झोप लागेल. कराडजवळच्या चार्जरवर दोनपैकी एक गन बंद, पाऊण तासाचे दोन तास झाले. मुलांनी तीन वेळा वडापाव खाल्ला.

पण कुंभार्ली घाट! घाटमाथ्यावर बॅटरी ५२ टक्के होती. उतरताना ब्रेकला पाय जवळजवळ लावावाच लागत नाही. पाय काढला की मोटर उलटी जनरेटर होते आणि वीज बॅटरीत परत टाकते. खाली पोफळीला आलो तेव्हा ५४. मुलगा टाळ्या वाजवत होता. आणि गंमत म्हणजे त्याच पोफळीच्या डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे. कोयना प्रकल्प सगळा मिळून १९६० मेगावॉटचा. सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी खाली सोडायचं आणि पडता पडता त्याच्याकडून वीज काढून घ्यायची. आमच्या गाडीने तेच केलं, फक्त दोन टक्क्यांचं. परतताना त्याच घाटाने दहा टक्के खाल्ले, हेही लिहून ठेवतो. आणि माझ्या पार्किंगमध्ये येणारी वीज काही सगळी कोयनेची नाही. राज्याची बरीचशी वीज कोळशातून येते. धूर गेला तो माझ्या गल्लीतून गेला, चंद्रपूरच्या चिमणीतून नाही. मागच्या काचेवर ‘पर्यावरणपूरक’ असा स्टिकर लावायचं म्हणूनच टाळलं.

सासुरवाडीला २७ टक्क्यांवर पोचलो. गाडीबरोबर मिळालेला लहान चार्जर पंपाच्या बोर्डातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावला, तर लाल दिवा. काढून लावला, पुन्हा लाल. सासरे म्हणाले, ‘जावईबापू, पंप तर त्याच्यावर मजेत चालतो.’ पंपाला चालतं, गाडीला नाही. वाडीतल्या वायरमनला बोलावलं. त्याने सॉकेटकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ माडाजवळच्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेला. जांभा दगडाची जमीन, त्यात मे महिना, खड्डा ठणठणीत कोरडा. ‘दोन बादल्या पाणी आणि मूठभर खडे मीठ द्या.’ सासूबाईंनी लोणच्यासाठी काढलेलं मीठ दिलं. पाणी मुरायला दहा मिनिटं थांबलो, चार्जर लावला, हिरवा दिवा. तिथे राहिलो तितके दिवस रोज संध्याकाळी मुलं गाडीला पाणी घालायला जात होती. संध्याकाळी व्होल्टेज पडायचं म्हणून चार्जिंग रात्री अकरानंतर.

बिघाड एकच, पण चिडवणारा. नवव्या महिन्यात एका सकाळी गाडी उघडेचना. मोठ्या बॅटरीत ७० टक्के, आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी मेलेली. कुलूप, दिवे, स्क्रीन सगळं त्या छोट्या बॅटरीवर. ती गेली की मोठीचा उपयोग शून्य. सर्व्हिस सेंटरला विजेच्या गाड्यांचं काम शिकलेला माणूस एकच, आणि तो गावाला गेलेला. चार दिवस रिक्षा. ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्च मात्र खरंच नाही. दोन सर्व्हिसिंगचं मिळून बिल सहा हजारांच्या आत. मोठ्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. त्यानंतर काय, आणि तेव्हा ही गाडी विकायला काढली तर कोण किती देईल, याची धाकधूक मी विकत घेतानाच सोबत घेतली आहे.

मे २०२५ च्या राज्याच्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर विजेच्या कारना टोलमाफी जाहीर झाली. आमच्या कराडच्या वाटेला यातला एकही रस्ता लागत नाही.

मागच्या महिन्यात मेहुणा राइड घ्यायला आला. बाणेरपर्यंत जाऊन आला, उतरताना डोळे चमकत होते. ‘भावोजी, बुक करूनच टाकतो.’ मी विचारलं, गाडी लावतोस कुठे? ‘रस्त्यावर. बिल्डिंगच्या बाहेर, जिथे जागा मिळेल तिथे.’ मी त्याला चहा दिला आणि अकरा आठवड्यांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. परवा त्याने सीएनजी बुक केली.