मूळ पाप: ऑगस्टीन की पेलागियस?

देवाने मना केलेलं फळ खाल्लं बायबलमधल्या पहिल्या माणसाने, आदामाने, मग दोष आज जन्मलेल्या बाळाच्या माथी का? या वारशाने येणाऱ्या दोषालाच ख्रिस्ती धर्मात 'मूळ पाप' म्हणतात, आणि पाचव्या शतकात त्यावरूनच वाद पेटला होता. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन म्हणे, दोष जन्मासोबतच येतो. बाप्तिस्म्याविना, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेच्या स्नानाविना, गेलेलं तान्हं मूलही शिक्षेला पात्र, फक्त ती सर्वांत सौम्य. (सौम्य म्हणे!) ब्रिटनहून रोमला आलेल्या धर्मशिक्षक पेलागियसच्या मते आदामाने वाईट उदाहरण घालून दिलं इतकंच, पाप ज्याचं त्याचं. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची शिकवण धिक्कारली.

न्यायाचा प्रश्न असेल तर मला पेलागियसच पटतो. बायबलमधल्या यहेज्केलच्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायातही बापाच्या पापाची शिक्षा मुलाला नाही. पण माणूस स्वबळावर निष्पाप राहू शकतो, हे पेलागियसचं म्हणणं भाबडं वाटतं. तिथे माणसाची नस ऑगस्टीननेच ओळखली होती.