गुडघ्यासाठी नी-कॅप: चारही प्रकार तपासून

वाढत्या वयात गुडघा दुखायला लागला की पहिली खरेदी बहुधा नी-कॅपची होते. ती वाया जाऊ नये असं वाटत असेल, तर नी-कॅप काय करते हे आधी नीट समजून घ्यायला हवं. वयाबरोबर होणाऱ्या झिजेत, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, हाडांच्या टोकांवरची कूर्चा पातळ होते, सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, हाडाच्या कडा वाढतात. दुखतं म्हणून पाय कमी वापरला जातो आणि मांडीचा पुढचा स्नायू अशक्त होतो. मग गुडघ्याला आधार आणखी कमी पडतो. नी-कॅपनं कूर्चा परत येत नाही, वाढलेलं हाडही कमी होत नाही. दुखणं थोडं हलकं करून ती माणसाला चालतं ठेवते, आणि तिची किंमत याच एका कसोटीवर ठरवावी.

सौम्य दुखण्यासाठी आमची पहिली पसंती साध्या, विणलेल्या लवचिक नी-कॅपला. तिनं सांध्यावरचा भार हलत नाही. ऊब मिळते, हलका दाब राहतो, गुडघा कुठे आणि किती वाकतोय याची जाणीव वाढते, त्यामुळे जिना उतरताना पाय जरा विश्वासानं पडतो. पातळ असल्यानं ती कपड्यांखाली मावते, म्हणून रोज वापरलीही जाते.

बहुतेक तक्रारींचं मूळ मापात असतं. कपड्यांच्या मापावरून अंदाजानं नी-कॅप घेऊ नका. वेष्टनावर आकृती असते, माप तिच्याप्रमाणेच घ्यायचं: काही कंपन्या वाटीच्या मधोमध घेर मागतात, काही वाटीच्या वर आणि खाली ठरावीक अंतरावर मांडीचा आणि पोटरीचाही. दोन्ही गुडघे वेगवेगळे मोजा, कारण सुजलेल्या गुडघ्याचं माप वेगळं भरतं. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठं घ्या. घातल्यावर वरच्या कडेखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. घरातच वीसेक मिनिटं चाला, बसा, उठा आणि काढून बघा. फिकट वळ लवकर विरतो, त्याची चिंता नको. खोल खाच उमटली असेल तर नी-कॅप घट्ट आहे.

दुसरी नेहमीची तक्रार, वरची कड गुंडाळत खाली येते. मांडी वर जाड आणि गुडघ्याकडे निमुळती, त्यामुळे आखूड नी-कॅप घसरणारच. ती गुंडाळी दोरीसारखी आवळते आणि खाली पायाला सूज येते, म्हणून हे नुसतं गैरसोयीचं समजू नका. लांब नळीची, आतून सिलिकॉनची पट्टी असलेली नी-कॅप जागेवर टिकते.

नियोप्रीनची, म्हणजे जाडसर कृत्रिम रबराची, वाटीपाशी गोल भोक असलेली नी-कॅप जास्त ऊब देते आणि वाटीवर थेट दाब देत नाही. वाटीभोवतीच दुखत असेल तर ती सोयीची. मात्र घाम साचतो, गुडघ्यामागच्या घडीत कातडी सोलवटते आणि नियोप्रीनमधल्या रसायनांची काहींना ॲलर्जी येते. खाज, पुरळ दिसलं की वापर थांबवा.

दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला ब्रेस, म्हणजे टणक आधारपट्टा, हा गुडघा आडवा डळमळत असेल त्यांच्यासाठी. बिजागरी वाटीच्या मध्याच्या पातळीत बसली पाहिजे, खाली सरकली तर प्रत्येक पावलाला ब्रेस पाय ओढतो. डळमळ नसताना हा जड प्रकार घ्यायची गरज नाही.

चौथा अनलोडर. झीज मुख्यतः एकाच बाजूला, बहुधा आतल्या, आणि पाय बाहेर वाकलेला असेल तर हा तीन ठिकाणी दाब देऊन भार दुसऱ्या बाजूला ढकलतो. भार खरोखर हलवणारा हा एकच प्रकार. तो जाणकाराकडून पायावर बसवून घ्यावा लागतो, अवजड असतो आणि म्हणून अनेकजण सोडून देतात. ऑनलाइन मागवून स्वतः बसवण्याची ही वस्तू नाही.

तज्ज्ञांचंही ब्रेसबद्दल एकमत नाही. चालणं, स्थैर्य किंवा दुखणं यांवर बराच परिणाम झालेल्यांना अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्ह्युमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनं २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत ब्रेसची ठाम शिफारस केली. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना देणाऱ्या नाइस या संस्थेनं २०२२ मध्ये सांगितलं की ब्रेस सरसकट देऊ नये. सांधा अस्थिर असेल किंवा भार चुकीचा पडत असेल आणि आधाराशिवाय व्यायामाचा उपयोग होत नसेल, तरच द्यावा. व्यायाम आणि वजन यांबद्दल मात्र दोघांचा सूर एकच आहे. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, इतकं कुठलीही नी-कॅप देऊ शकत नाही. म्हणून नी-कॅप घालून व्यायाम करा: पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू पाच सेकंद आवळायचा, दहा वेळा, मग खुर्चीवरून हातांचा आधार न घेता, झेपेल तितक्या वेळा उठबस. काठी घ्यायची झाली तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर.

झोपताना नी-कॅप काढा. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक जेल लावल्यावर लगेच वर चढवू नका. झाकलेल्या कातडीतून औषध जास्त शोषलं जातं. मधुमेहानं पाय बधिर झाले असतील किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. धुताना गार पाणी, सौम्य साबण, पिळणं नाही, सावलीत वाळवणं. ताण सैल पडला की बदला, सैल नी-कॅप म्हणजे नुसतं कापड.

पावलाच्या वरच्या भागात मुंग्या आल्या तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबत असण्याची शक्यता आहे, लगेच काढा. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, किंवा तो अडकून सरळच होईना, तर नी-कॅप चढवून वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.