चॅड सेयर्स की अँड्र्यू टाय: ऑस्ट्रेलियातल्या तरुण वेगवान गोलंदाजाने कुठली वाट धरावी?

चॅड सेयर्स आणि अँड्र्यू टाय यांच्या वयात जेमतेम साडेआठ महिन्यांचं अंतर. टाय डिसेंबर १९८६ चा, पर्थचा. सेयर्स ऑगस्ट १९८७ चा, अ‍ॅडलेडचा. दोघेही उजव्या हाताने टाकणारे, आणि मिचेल स्टार्कसारखा धडकी भरवणारा वेग दोघांकडेही नाही. ३० मार्च २०१८ रोजी जोहान्सबर्गच्या वाँडरर्सवर सेयर्सला बॅगी ग्रीन, म्हणजे ऑस्ट्रेलियाची कसोटी टोपी, मिळाली. केपटाऊनच्या सँडपेपर प्रकरणानंतरची, म्हणजे चेंडू घासून खराब करताना ऑस्ट्रेलियाचा संघ पकडला गेल्यानंतरची, ती कसोटी. स्मिथ, वॉर्नर, बँक्रॉफ्ट घरी परतले होते आणि स्टार्क जायबंदी होता. सेयर्सने एकाच षटकात एबी डिव्हिलियर्स आणि नाइटवॉचमन म्हणून आलेला रबाडा यांना बाद केलं. सामना ऑस्ट्रेलियाने ४९२ धावांनी गमावला आणि सेयर्स त्यानंतर एकही कसोटी खेळला नाही. त्याच आठवड्यात आयपीएल सुरू झाली. पंजाबने ७ कोटी २० लाखांना घेतलेल्या टायने त्या मोसमात २४ बळी घेऊन सर्वाधिक बळींची पर्पल कॅप पटकावली.

मेलबर्न, सिडनी, पर्थमधल्या मराठी घरांतली पुष्कळ मुलं आता शनिवारी क्लबकडून नवा चेंडू हाताळतात. सोळा-सतराव्या वर्षी त्यातल्या चांगल्या गोलंदाजापुढे एक प्रश्न येतोच. चार दिवसांच्या क्रिकेटसाठी घडायचं, की टी-२० चा माणूस व्हायचं? बिग बॅशमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या टी-२० लीगमध्ये, जे दिसतं त्यावरून घाईने उत्तर देऊ नका. या दोन कारकिर्दी शेजारी ठेवून पाहा.

आधी सेयर्सची वाट. शेफील्ड शिल्ड ही ऑस्ट्रेलियातल्या राज्यसंघांची चार दिवसांच्या सामन्यांची स्पर्धा, १८९२-९३ पासून चालू आहे. संघ सहाच, प्रत्येकाच्या वाट्याला दहा सामने, मग अंतिम सामना. म्हणजे अख्ख्या देशात एका वेळी साधारण वीस-पंचवीस वेगवान गोलंदाजांनाच तिथे जागा. आपल्या रणजीत तीसहून जास्त संघ असतात, त्यावरून ही दारं किती अरुंद आहेत ते कळेल. सेयर्सचे वडील डीन सेयर्सही दक्षिण ऑस्ट्रेलियाकडून खेळलेले, त्यामुळे घरात खेळाची जाण होती. पण मुलाचा वेग १३० किमीच्या आसपास. त्याची शस्त्रं म्हणजे उशिरा वळणारा आउटस्विंगर, न चुकणारा टप्पा आणि दिवसाच्या शेवटच्या तासातही न ढळणारा हात. २०१६-१७ च्या शिल्डमध्ये त्याने ६२ बळी घेतले, त्या मोसमात सर्वांत जास्त. त्याच मोसमाच्या उत्तरार्धात तिथे इंग्लंडमध्ये वापरतात तो ड्यूक्स चेंडू आणला गेला होता आणि स्विंग करणाऱ्याला तो मानवतो, हे खरं. तरी ६२ हा आकडा नुसत्या चेंडूने येत नाही.

आणि तरीही तो बाहेरच राहिला. २०१६ च्या न्यूझीलंड दौऱ्यावर गेला, खेळला नाही. त्याच वर्षी अ‍ॅडलेडच्या दिवस-रात्र कसोटीसाठी बाराजणांत होता, जागा जॅक्सन बर्डला मिळाली. २०१७ च्या अ‍ॅशेसला पुन्हा संघात आणि पुन्हा अकराजणांबाहेर. मला आजही वाटतं की अ‍ॅडलेडच्या त्या दिवस-रात्र कसोटीत त्याला खेळवायला हवं होतं. गुलाबी चेंडू, संध्याकाळचे दिवे आणि घरचं मैदान, त्याच्या गोलंदाजीला याहून योग्य जागा नव्हती. पण ऑस्ट्रेलियाची निवड समिती पिढ्यान् पिढ्या आधी वेग पाहते. तुमच्या मुलाचा वेग १३० च्या पुढे सरकत नसेल तर ही गोष्ट आजच डोळ्यांपुढे ठेवा. ती त्याच्या मेहनतीने बदलणारी नाही.

सेयर्स एकटा नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जो एंजलने शिल्डमध्ये ४१९ बळी घेतले आणि कसोट्या खेळल्या चार. न्यू साउथ वेल्सचा ट्रेंट कोपलंड २०११ च्या श्रीलंका दौऱ्यात तीन कसोट्या खेळला, मग संपलं. उलटं उदाहरण स्कॉट बोलंडचं. मेलबर्नच्या थंड खेळपट्ट्यांवर वर्षानुवर्षं एका जागी चेंडू टाकत राहिला आणि बत्तिसाव्या वर्षी, २०२१ च्या बॉक्सिंग डे कसोटीत, इंग्लंडचे ६ बळी ७ धावांत घेतले. मुलांना बोलंडची गोष्ट जरूर सांगा, पण एंजल आणि सेयर्सची त्याआधी सांगा, कारण शिल्डमधले बहुतेक गोलंदाज त्यांच्यासारखेच निवृत्त होतात.

टायची वाट याच्या अगदी उलट. प्रथम श्रेणीचे सामने त्याने मोजकेच खेळले. त्याचं नाव झालं ते बिग बॅशमधल्या पर्थ स्कॉर्चर्सकडून, शेवटच्या षटकांत. हुकमी चेंडू नकलबॉल: तर्जनी आणि मधलं बोट दुमडून पेरांनी चेंडू धरायचा, हाताचा वेग पूर्ण ठेवायचा, आणि चेंडू मात्र फलंदाजापर्यंत अडखळत, उशिरा पोहोचतो. १४ एप्रिल २०१७ ला राजकोटला गुजरात लायन्सकडून आयपीएलमधल्या पहिल्याच सामन्यात त्याने १७ धावांत ५ बळी घेतले, हॅटट्रिकसह. समोर पुण्याचा संघ होता आणि हॅटट्रिकचा तिसरा बळी पालघरचा शार्दूल ठाकूर, म्हणून आपल्याकडे अनेकांना तो सामना आठवत असेल. जानेवारी २०१८ मध्ये पर्थच्या नव्या स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध एकदिवसीय सामन्यात त्याने पुन्हा ५ बळी घेतले.

पैशाच्या बाबतीत तुलनाच नको. शिल्डच्या गोलंदाजाला राज्याचा वार्षिक करार असतो, त्यावर घर चालतं. बिग बॅशचा करार वेगळा. आयपीएलच्या लिलावात एका संध्याकाळी जे घडतं ते शिल्डमध्ये घडूच शकत नाही. पण लिलाव दर वर्षी नवा असतो. फसवा चेंडू सगळ्या संघांनी व्हिडिओवर पाहिलेला असतो, आणि ज्याची रोजीरोटी त्या एका चेंडूवर आहे त्याला दर मोसमात दुसरा काहीतरी शोधावा लागतो. २०१९ च्या विश्वचषकाच्या संघात टाय नव्हता, वर्षाच्या शेवटी कोपर दुखावलं. देशासाठी पुन्हा नियमित जागा त्याला मिळाली नाही. स्कॉर्चर्सकडून मात्र तो पुढेही खेळत राहिला, विजेतेपदंही मिळवली. लीगची चाकरी दीर्घकाळ टिकवता येते हे त्याने दाखवलं, आणि ते छोटं काम नाही.

खरा फरक शरीरात पडतो, आणि इथे पालकांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावं. पॅट कमिन्स सतरा वर्षांचा असताना शिल्डच्या अंतिम सामन्यात ६५ षटकं टाकून आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, १८ व्या वर्षी, जोहान्सबर्गला कसोटी पदार्पण केलं. पुढची कसोटी थेट मार्च २०१७ मध्ये, रांचीला. मधली पाच वर्षं पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने (सततच्या ताणाने हाडाला पडणारी चीर) आणि इतर दुखापतींनी खाल्ली. कमरेच्या मणक्याची हाडं विशीच्या मध्यापर्यंत पक्की होत असतात. नुसत्या जास्त गोलंदाजीने ती तडकतात असं नाही. दोन आठवडे चार-चार षटकं टाकून एकदम चाळीस षटकांवर गेलं की धोका मोठा. ऑस्ट्रेलियाच्या मोसमाची रचनाच तशी आहे: ऑक्टोबरला शिल्ड, डिसेंबर-जानेवारीत बिग बॅश, फेब्रुवारीत पुन्हा शिल्ड. त्यामुळे फक्त टी-२० खेळलं की पाठ वाचते, असा समज करून घेऊ नका. लाल चेंडूकडे, म्हणजे चार दिवसांच्या क्रिकेटकडे, परतण्याची तारीख ठरलेली असेल तर मधल्या दोन महिन्यांतही नेटमध्ये भरपूर चेंडू टाकावे लागतात.

मग मी कुणाला काय सांगेन? बावीस-तेविसाव्या वर्षापर्यंत लाल चेंडू. नकलबॉल, रुंद यॉर्कर, धिमा बाउन्सर हे सव्विसाव्या वर्षीही शिकता येतं. तिसऱ्या स्पेलमध्ये, चेंडू मऊ झालेला असताना, फलंदाज ऐंशीवर खेळत असताना टप्पा न सोडणं ही सवय उशिरा लागत नाही, आणि लीगचे संघसुद्धा पॉवर-प्लेमध्ये तीच सवय शोधतात. लाल चेंडूचा गोलंदाज पांढऱ्याकडे, म्हणजे मर्यादित षटकांकडे, वळल्याची उदाहरणं ढिगाने आहेत, उलट दिशेने फार थोडी.

अपवाद पाठीचा. जेसन बेहरेनडॉर्फ २०१७ मध्ये शिल्डच्या एका सामन्यात १४ बळी घेणारा डावखुरा, कसोटीच्या उंबरठ्यावर होता. पाठीने साथ सोडली, २०१९ मध्ये मणक्यावर शस्त्रक्रिया झाली. तो पांढऱ्या चेंडूकडे वळला आणि मुंबई इंडियन्सकडून वानखेडेवर नव्या चेंडूने खेळला. ज्या मुलाला विशीच्या आत दोन स्ट्रेस फ्रॅक्चर झाली आहेत, त्याला चार दिवसांच्या क्रिकेटसाठी मी आग्रह करणार नाही. त्याने टायच्या वाटेने जावं, आणि ती दुय्यम आहे असं घरात कुणी म्हणू नये.

मुलींपुढे ही निवडच नाही. त्यांच्यासाठी राज्य पातळीवर ५० षटकांची डब्ल्यूएनसीएल आणि टी-२० ची डब्ल्यूबीबीएल (महिलांची बिग बॅश) आहे, चार दिवसांची स्पर्धा नाही. ही उणीव मला फार खटकते. कसोटी खेळायची वेळ आली की त्यांच्याकडून लाल चेंडूची तीच सवय मागितली जाते, आणि ती लावायला त्यांना स्पर्धाच दिलेली नसते.

मुलाला राज्याचा रूकी (नवोदित खेळाडूचा) करार देऊ केला गेला तर सही करण्याआधी प्रशिक्षकाला एक गोष्ट विचारा: याचे आठवड्याचे एकूण चेंडू कोण मोजणार? क्लब आपले मोजतो, राज्य आपले, बिग बॅशचा संघ आपले, आणि शाळेच्या किंवा विद्यापीठाच्या सामन्यातले कुणीच मोजत नाही. या सगळ्या ठिकाणचा हिशेब एकाच माणसाकडे असायला हवा, शक्यतो राज्याच्या फिजिओकडे, आणि नेटमधले चेंडूही त्यात धरलेले हवेत. असा माणूस नेमला जाईपर्यंत ती वही घरी तुम्ही ठेवा.