उद्यमबागेतलं लेझर मार्किंग: काम चोख, पण गॉगल घाला की राव

पातळ स्लीव्हवर (नळीसारख्या धातूच्या भागावर) पंच ठोकून नंबर घातला की बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ओव्हल व्हायचा आणि गिऱ्हाईक माल परत पाठवायचं. म्हणून आता बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका जॉबवर्कवाल्याकडे देतो. २० वॅटचं फायबर लेझर, भागाला धक्का म्हणून नाही. स्टेनलेसवर त्यानं खोदलंच नाही. फोकस जरा हलवून नुसता पृष्ठभाग तापवला आणि काळी अक्षरं उमटवली. नख फिरवलं तरी लागत नाहीत. शेजारचा डेटामॅट्रिक्स (क्यूआरसारखा ठिपक्यांचा चौकोनी कोड) मोबाईलवर झटक्यात वाचला जातो. ओतीव भागावर मात्र वाळूची खरखर असली की कोड फसतो. तेवढी जागा आधी मशीनिंग करून द्या, नाहीतर सरळ डॉट पीन (टोकदार पिनेनं ठिपके ठोकून मार्किंग) करा. पारदर्शक अक्रिलिकच्या नेमप्लेट इथं नेऊ नका, त्याला सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचं) लेझर लागतं.

फिक्स्चरचे (भाग जागेवर धरणाऱ्या पकडीचे) पैसे वेगळे, ते आधीच विचारा. दर ठीक. मशीनवरचं पोरगं उघड्या डोळ्यांनी वाकून बघतं, ते मात्र अजिबात पटलं नाही. १०६४ नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, पण डोळ्याचा पडदा जाळतो. मालकाला सांगितलं, तर म्हणाला, ‘आणतो की ओ!’ पुढच्या लॉटला बघतो.