पायथन, गो की रस्ट?

प्रोग्रॅमिंगच्या या तीन भाषांपैकी कोणती कधी घ्यायची? लॉग फाइलमधल्या, म्हणजे प्रोग्रॅमने लिहिलेल्या नोंदींमधल्या, चुका मोजायच्या आहेत, एवढंच काम धरू. एकदाच मोजायच्या असतील तर पायथन घ्या. दहा ओळींत काम होतं. ते चालायला दोन मिनिटं जास्त लागली तर लागू देत, लिहिण्यातला अर्धा तास वाचला. आकडेमोड जड असली तरी बिचकू नका. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीमध्ये खरं गणित आत सी भाषेतला वेगवान कोड करतो, पायथन नुसते हुकूम सोडतं. मात्र तेच गणित साध्या फॉर लूपमध्ये लिहिलंत, तर हा फायदा गेलाच म्हणून समजा.

आता तोच प्रोग्रॅम पन्नास सर्व्हरवर कायम चालवायचाय. इथे पायथन त्रास देऊ लागतं: प्रत्येक मशीनवर कोड चालवणारा इंटरप्रिटर हवा, पॅकेजेसच्या आवृत्त्या जुळायला हव्यात. शिवाय जीआयएल नावाच्या कुलपामुळे नेहमीच्या पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड (प्रोग्रॅममधली कामाची एक धार) पायथनचा कोड चालवतो. गोमध्ये सहसा एकच बायनरी, म्हणजे थेट चालणारी फाइल, तयार होते. ती कॉपी केली की झालं. गोरुटीन, म्हणजे गोमधले हलके थ्रेड, तेही स्वस्त, सुरुवातीला साधारण 2 केबी स्टॅक (कामापुरती मेमरी), त्यामुळे हजारो कनेक्शन सांभाळताना घाम फुटत नाही. सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवायची डॉकर आणि कुबरनेटीस ही साधनं गोमध्येच लिहिलीत, ते उगाच नाही. पावलोपावली एरर तपासायचा मात्र कंटाळा येतो. मला तरी येतो.

रस्ट कधी? वापरून झालेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर मध्येच काम अडवेल तेही परवडत नसेल तेव्हा, किंवा मेमरी मोजकीच असेल तेव्हा: फर्मवेअर, ड्रायव्हर, ऑडिओ. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येही 6.1 आवृत्तीपासून रस्टला जागा मिळाली. किंमत म्हणजे बॉरो चेकर, रस्टच्या कंपायलरमधला तपासनीस. कोणता डेटा कोणाच्या मालकीचा, हे तो आधीच वदवून घेतो, आणि सुरुवातीचे काही आठवडे तुमचा निम्मा वेळ त्याच्याशी हुज्जत घालण्यात जातो. त्यामुळे आराखडा रोज बदलत असेल तर रस्ट नको. मी एकदा कच्च्या प्रयोगासाठी रस्ट घेतलं. स्ट्रक्चर बदलता बदलता मूळ कल्पनाच मागे पडली. शेवटी पायथनमध्ये दोन दिवसांत उरकलं.

ब्राउझरमध्ये चालवायचं असेल तर टाइपस्क्रिप्ट, त्यात वाद नाही. आणि लॉग आधीच डेटाबेसमध्ये पडत असतील, तर यांपैकी काहीच नको: एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतला एक ग्रुप बाय (गटवार मोजणी) पुरतो.