मूडलचं ‘वर्कशॉप’: एकमेकांचं लेखन तपासायला कितपत कामाचं?

मूडल ही ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली असलेल्या पुण्यातल्या कॉलेजांत तिचा उपयोग बहुधा नोट्स टाकणं आणि असाइनमेंट घेणं, एवढाच होतो. मुलांकडून एकमेकांचं लेखन तपासून घ्यायची तिच्यातली सोय म्हणजे ‘वर्कशॉप’; ते क्वचितच कुणी उघडतं. पन्नास-साठ जणांच्या मराठीच्या किंवा पत्रकारितेच्या वर्गात मुलांनी एकमेकांचे लेख तपासायचे असतील, तर ते जरूर उघडावं. मात्र मूळ सेटिंग जसंच्या तसं ठेवलंत तर पदरी फक्त ‘छान लिहिलंय’ पडेल.

कोणता लेख कुणी तपासायचा, याचं वाटप उत्तम. प्रत्येक लेखाला किती तपासनीस हवेत ते सांगितलं की रँडम वाटप होतं. तीन ठेवा. तपासणीलाही गुण असतात, आणि तपासणाऱ्याचे ते गुण इतरांच्या मूल्यमापनाशी ताडून ठरतात; दोघेच असले तर दोघंही सरासरीपासून सारखेच लांब, मग ताडणार कशाशी? वाटप उरकल्यावर लेख देणारा मात्र बाहेर राहतो. त्यामुळे मुदत संपल्यावर आपोआप होणारं शेड्यूल्ड वाटप निवडावं.

मूळ गुणविभागणी लेखनाला ८० आणि तपासणीला २०. वीस गुणांसाठी कोण डोकं लावणार? ६०-४० करा. ‘ओव्हरऑल फीडबॅक’, म्हणजे लेखावरचा एकूण अभिप्राय, ऐच्छिक असतो, तो सक्तीचा करा. तपासणीची ‘कॉमेंट्स’ ही पद्धत निवडू नका; तिच्यात गुण देताच येत नाहीत, सगळ्यांना शंभर टक्के मिळतात. रुब्रिक, म्हणजे प्रत्येक निकषाच्या पातळ्या आणि त्यांचे गुण मांडणारा तक्ता, बरं.

खरी मेहनत तपासणीच्या फॉर्ममधल्या प्रश्नांवर घ्यायची. ‘लेख कसा वाटला?’ याला एका शब्दात उत्तर देता येतं. त्याऐवजी विचारा: कोणत्या वाक्याशी अडखळलात आणि का? लेखकाला काय सांगायचंय ते तुमच्या एका वाक्यात लिहा. कुठे माहिती कमी पडली? समजा लेख पानशेतच्या पुरावर आहे. ‘माहिती वाढवा’ या शेऱ्यानं लेखकाला काहीच कळत नाही. ‘दुसऱ्या परिच्छेदात धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं हे आहे, पण पाणी कोणत्या पेठांत शिरलं ते नाही, म्हणून पुढचं नुकसानीचं वर्णन अधांतरी वाटतं’ या शेऱ्यात जागा, उणीव आणि तिचा परिणाम तिन्ही आहेत. पुणेरी पाटीसारखा खोचक शेरा वर्गात हशा पिकवतो, दुरुस्तीला उपयोगी पडत नाही.

ऱ्हस्व-दीर्घासाठी वेगळा, कमी गुणांचा निकष ठेवा. नाहीतर मुलं वेलांट्या मोजतात आणि मुद्दा कुठे सुटला ते राहून जातं.

आता तक्रारी. नावं झाकायला साधी खूण नाही. परवानग्यांत जाऊन लेखक आणि तपासनीस यांची नावं दिसण्याचे हक्क विद्यार्थ्यांकडून काढावे लागतात. एवढं करूनही फाइलच्या माथ्यावर नाव असलं की संपलंच. त्याहून मोठी अडचण म्हणजे अभिप्राय लेखकाला दिसतात ते उपक्रम ‘क्लोज्ड’ या शेवटच्या टप्प्यात नेल्यावर. त्यामुळे सुधारलेला खर्डा घ्यायला वेगळी असाइनमेंट उघडावी लागते. ती पहिल्याच दिवशी तयार ठेवा.

दहा-बारा जणांच्या गटाला एवढा खटाटोप नको, गूगल डॉक्स पुरे. पण फक्त शेरे लिहिण्यासाठीची ‘कमेंटर’ परवानगी दिली तरी त्यात मजकुरात बदल सुचवता येतात. मग मित्र वाक्यंच बदलून देतात आणि लेखक न वाचता ते स्वीकारायची टिक मारत सुटतो. कंट्रोल-ऑल्ट-एम दाबून फक्त शेरे लिहा, असं आधीच बजावावं.