टाइल, लॅमिनेट की एसपीसी? खर्च आवाक्यात ठेवून फरशी आणि भिंती ठरवताना

दुकानात फरशीचा भाव विचारला की चौरस फुटामागे एक आकडा सांगतात. त्या आकड्यावर सगळं गणित मांडून लोक काम काढतात आणि पुढे हिशेब हाताबाहेर जातो. फरशी महाग पडलेली नसतेच बहुतेक वेळा. खालचा कोबा उंचसखल निघतो, जुन्या फरशीचा राडारोडा हलवावा लागतो, चिकटवायचा माल वेगळा, स्कर्टिंग वेगळं, कापताना वाया गेलेले तुकडे वेगळे, आणि सगळं झाल्यावर कळतं की दार उघडत नाही, खालून तासायला सुतार हवा. म्हणून पेटीवरच्या भावाने तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. आज पायाखाली काय आहे, तिथून सुरुवात केली तर तुमच्यासाठी स्वस्त काय ते लवकर कळतं.

आधी खाली वाकून बघा

दोन मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या. गवंड्याकडची अ‍ॅल्युमिनियमची असेल तर उत्तम. ती फरशीवर आडवी, उभी, तिरकी ठेवा आणि खालून किती फट दिसते ते पाहा. साधारण ३ मिलिमीटरपर्यंतची फट क्लिक पद्धतीने, म्हणजे एकमेकींत अडकवून, जोडायच्या लॅमिनेटच्या (लाकडी गाभ्याच्या) आणि एसपीसीच्या (स्टोन प्लास्टिक कंपोझिट, दगडाची पूड आणि प्लास्टिकच्या) पट्ट्यांना चालते. त्याहून खोल खळगा असेल तर तिथून चालताना पट्टी दर पावलाला खाली दबते, जोडातली जीभ वाकत राहते आणि शेवटी तुटते. मग सांधा उघडतो, त्यात धूळ बसते आणि तो पुन्हा मिटत नाही. टाइल बसवताना मात्र असले चढउतार गवंडी मालाच्या थरात सावरून घेतो. थोडक्यात, जमीन वेडीवाकडी असेल तर टाइल स्वस्त पडते आणि जुनी फरशी घट्ट, सपाट असेल तर एसपीसी. भावफलक काहीही म्हणो.

दुसरी तपासणी ओलीची. जाड प्लास्टिकचा दीड फूट लांबी-रुंदीचा तुकडा जमिनीवर चारही कडांनी टेप लावून हवाबंद चिकटवा आणि एक दिवस तसाच राहू द्या. काढल्यावर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा खालची जमीन गडद झालेली दिसली तर ओल खालून येते आहे. अशा खोलीत लॅमिनेट विसरा. गोंदाने चिकटवायचं व्हाइनिलही नको, कारण गोंद सुटतो. तळमजल्याच्या घरात ही तपासणी टाळूच नये.

तिसरं, नाण्याने जुनी फरशी ठोकत खोलीभर फिरा. एखाददुसरी पोकळ वाजली तर तेवढीच काढून पुन्हा बसवता येते. निम्मी खोली पोकळ वाजत असेल तर तिच्यावर दुसरं काही चढवण्यात पैसे घालू नका.

आणि खाली जुनी मोझेक किंवा दगडी फरशी धडधाकट असेल, तर नवी घ्यायच्या आधी पॉलिशवाल्याला बोलवा. दगडाचा रंग आरपार असतो. यंत्राने वरचा झिजलेला थर घासून काढला की खालून ताजी फरशी निघते. उखडणं नाही, उंची वाढत नाही, दारं जिथल्या तिथे. दोन-तीन दिवस चिखल सोसावा लागतो खरा. एवढा स्वस्त पर्याय दुकानदार कशाला सुचवेल!

टाइलमधले फरक

सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड यांत खरा फरक पाणी पिण्याचा आहे. आयएसओ १३००६ या मानकाप्रमाणे व्हिट्रिफाइड गटातली टाइल वजनाच्या ०.५ टक्क्यापर्यंतच पाणी शोषते. भिंतीसाठी बनवलेली सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून जास्त शोषू शकते. ही गोष्ट दुकानात उभ्या उभ्या तपासता येते. टाइल उलटी करा आणि पाठीवर चमचाभर पाणी ओता. पाणी बघता बघता जिरलं आणि डाग उरला तर ती भिंतीची. थेंब तसेच राहिले तर व्हिट्रिफाइड. भिंतीची टाइल स्वस्त मिळते म्हणून जमिनीवर टाकू नये, ती त्या भारासाठी बनवलेलीच नसते.

व्हिट्रिफाइडमध्येही प्रकार आहेत. डबल चार्जमध्ये रंगाचा थर ३ ते ४ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे वर्षानुवर्षं चालूनही नक्षी झिजत नाही. पण नक्षीचे प्रकार मोजकेच. ग्लेझ्ड व्हिट्रिफाइडवर हवी ती नक्षी छापता येते, लाकूड म्हणा, संगमरवर म्हणा. मात्र ती पातळ झिलईखाली असते आणि जड वस्तू पडून टवका उडाला की खालचा वेगळा रंग उघडा पडतो. झिलईची टाइल घेताना पीईआय क्रमांक, म्हणजे झिलई झिजेला किती टिकते त्याची श्रेणी, विचारा. घरातल्या खोल्यांना ३ पुरतो. बाहेरची वाळू पायाबरोबर येते त्या दारापाशी ४ घ्या.

चकचकीत की मॅट, यावर घरात वाद होतो. चकचकीत टाइलवर खोली उजळते आणि फडकं सरसर फिरतं, पण ओल्या पायाने घसरायला होतं. अगदी खडबडीत मॅटमध्ये मळ अडकून बसतो. माझं मत हलक्या मॅटच्या बाजूने आहे, वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील तर आग्रहाने. न्हाणीघरात तर चकचकीतचा विचारही नको. घसरण्याच्या विरोधाची श्रेणी आर९ ते आर१३ अशी असते. न्हाणीघरासाठी आर१० किंवा आर११ मागा.

आता आकार, कारण पैसे खरे इथे गळतात. ६०० बाय १२०० मिलिमीटरची टाइल दिसायला भारदस्त असते आणि सांधेही कमी दिसतात. पण तिला जमीन जास्त सपाट लागते, पाठीवर सगळीकडे अ‍ॅढेसिव्ह भरावं लागतं, उचलायला दोन माणसं लागतात आणि छोट्या खोलीत कापाकापी होऊन बरीच वाया जाते. कोपऱ्याखालची जागा रिकामी राहिली तर त्यावर कपाटाचा पाय येताच टाइल तडकते. ६०० बाय ६०० कोणताही बरा कारागीर नीट बसवतो. न्हाणीघरात तर ३०० बाय ३०० च बरी, कारण चारही बाजूंनी जाळीकडे ढाळ द्यायचा असतो आणि मोठी टाइल वळत नाही. मोठ्या टाइलला ढाळ द्यायचा तर ती तिरपी कापावी लागते.

सांधा न सोडता टाइल एकमेकींना भिडवून बसवण्याची हौस पुष्कळांना असते. उष्णतेने टाइल थोडी प्रसरण पावते आणि खालचा थर सुकताना आक्रसतो. जागा नसेल तर दोन ओळी तंबूसारख्या वर उचलल्या जातात. निदान २ मिलिमीटरचा सांधा आणि भिंतीलगत थोडी फट (ती स्कर्टिंगखाली झाकली जाते) असू द्या. ग्राउट (सांधे भरायचा माल) सगळीकडे महागडं इपॉक्सीचं घेणं म्हणजे उधळपट्टी; न्हाणीघर आणि ओट्यामागची भिंत एवढ्यापुरतं घ्या, बाकी खोल्यांत सिमेंटचं चालतं. फक्त त्या सिमेंटच्या सांध्यांवर अ‍ॅसिड ओतू नका, ते त्यांना खाऊन टाकतं.

लॅमिनेट आणि एसपीसी: दिसायला जुळी

दोन्हींवर लाकडाचं छापील चित्र असतं, दोन्ही क्लिकने जुळतात आणि दोन्हींना गोंद लागत नाही. मधला गाभा मात्र सर्वस्वी वेगळा. लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा, म्हणजे एचडीएफचा. एसपीसीचा गाभा चुनखडीची पूड आणि पीव्हीसी यांचा.

म्हणून पाणी सांडलं तर गोष्ट बदलते. लॅमिनेटवर सांडलेलं लगेच पुसलं तर काही होत नाही. तासन्‌तास राहिलं, तर ते सांध्यातून आत शिरतं, पट्टीची कड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी फुगते आणि सुकल्यावरही पूर्ववत बसत नाही. एसपीसीला पाण्याने काही होत नाही. मात्र कडेने खाली गेलेलं पाणी खालीच कोंडून राहतं आणि वास मारतं, हे ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ या पाटीवर लिहिलेलं नसतं.

ओरखड्यांच्या बाबतीत उलटं आहे. लॅमिनेटचा पृष्ठभाग जास्त कणखर असतो. त्याची श्रेणी एसी१ पासून वर जाते. झोपायच्या खोलीला एसी३, जास्त वापराच्या खोलीला एसी४ बघा आणि जाडी ८ मिलिमीटरच्या खाली नको. एसपीसीमध्ये सगळा खेळ वरच्या पारदर्शक थराचा. तो ०.३ मिलिमीटर असेल तर घराला चालतो, ०.५ असेल तर निवांत राहा. पट्टी एकूण ४ मिलिमीटर की ६, यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा, आणि विक्रेता नेमकं एकूण जाडीवर बोलत राहतो.

एसपीसीची दोन दुखणी खरेदीच्या आधी माहीत असावीत. मोठ्या काचेतून दुपारचं ऊन तासन्‌तास एकाच जागी पडत असेल तर पट्ट्या तापून फुगतात आणि रंगही उडतो. तिथे जाड पडदा किंवा सरळ टाइल. दुसरं म्हणजे रबरी पाठीचं पायपुसणं. ते महिनोन्‌महिने एका जागी राहिलं की खाली पिवळट डाग उमटतो आणि तो निघत नाही.

दोन्हींना भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटर फट सोडावीच लागते. कारागीर घाईत पट्टी भिंतीला टेकवतो, वर स्कर्टिंग ठोकतो, आणि सगळं झाकलं जातं. पुढे खोलीच्या मधोमध फरशी फुगून उचलली की दोष कंपनीला दिला जातो. स्कर्टिंग लागायच्या आधी स्वतः एकदा चारही भिंतींलगत फिरून बघा.

माझा कौल असा: जुन्या सपाट फरशीवर काम करायचं, तोडफोड नको, घर रिकामं करता येत नाही, तर एसपीसी. ५ मिलिमीटरची पट्टी बसली तर दार बहुधा तासावं लागत नाही. टाइलवर टाइल बसवली तर अ‍ॅढेसिव्ह धरून १२ ते १५ मिलिमीटर उंची वाढते. लॅमिनेट फक्त कोरड्या, वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीत, तेही एसपीसीपेक्षा बरंच स्वस्त मिळत असेल तर. स्वयंपाकघरात कधीच नाही.

बाकीचे, पटकन

रोलमधलं पातळ व्हाइनिल, १.५ ते २ मिलिमीटरचं, सगळ्यांत स्वस्त. खालचा प्रत्येक खडा त्यातून दिसतो आणि कडा उलटतात. भाड्याच्या घरात थोड्या काळासाठी ठीक. मायक्रोसिमेंटचा (जमिनीवर हाताने ओढायचा सिमेंटचा लेप) थर २-३ मिलिमीटरचाच असल्यामुळे तो स्वस्त असेल असं वाटतं. खर्च मजुरीत आहे, आणि खालच्या कोब्याची भेग वर यायची ती येतेच. संगमरवर अ‍ॅसिडने खरवडला जातो, लिंबाच्या रसानेसुद्धा, ग्रॅनाइट नाही. इंजिनिअर्ड लाकूड घ्यायचंच तर वरचा खऱ्या लाकडाचा थर विचारा. तो २ मिलिमीटर असेल तर पुन्हा घासून नवं करायला फार वाव नाही.

भिंतींवर कुठे वाचवायचं

रंगाच्या ब्रँडवर वाद घालण्यापेक्षा पुट्टी आणि प्रायमरवर पैसे घाला. डिस्टेंपर स्वस्त, पण ओलं फडकं जोरात फिरवलं की रंग फडक्याला लागतो, आणि पुढच्या वेळी त्यावर इमल्शन मारायचं तर आधी खरवडावं लागतं. नाहीतर पोपडे धरतात. म्हणजे पहिल्या वेळची बचत दुसऱ्या वेळच्या मजुरीत जाते. छताला डिस्टेंपर चालेल, हात पोचतात त्या भिंतींना इमल्शनच.

मॅट रंगात भिंतीचे दोष लपतात, डाग पुसला की मात्र तिथे चकाकी उमटते. सॅटिन धुता येतो आणि भिंतीचा प्रत्येक उंचवटा दाखवतो. कुठला घ्यायचा हे रात्री ठरवा: दिवे बंद करा, टॉर्च भिंतीला टेकवून बाजूने उजेड टाका. भिंत लाटांसारखी दिसली तर मॅट, किंवा आधी पुट्टीचा आणखी एक हात.

नवा गिलावा असेल तर रंगाआधी चार आठवडे सुकू द्या. ओल आली असेल तर पीव्हीसी पॅनेल किंवा वॉलपेपर लावून ती झाकू नका. मागे बुरशी वाढत राहते, आणि गळका पाइप सापडेल तेव्हा पॅनेलही काढावं लागतं.

मागणी नोंदवताना

खोलीच्या क्षेत्रफळात सरळ मांडणीला १० टक्के आणि तिरक्या मांडणीला १५ टक्के वाढवा. वर एक पेटी जादा घ्या, कारण नंतर तोच रंग मिळत नाही. सगळ्या पेट्यांवरचा शेड क्रमांक आणि कॅलिबर (टाइलचं नेमकं माप) एकच आहे का ते गाडीतून उतरवतानाच तपासा. टाइल बसल्यावर कुणी बदलून देत नाही. शक्य तिथे शेजारच्या दोन खोल्यांत एकच फरशी ठेवा, म्हणजे दारातली जोडपट्टी आणि उंचीचा फरक दोन्ही टळतात. रंगाच्या कामात पुट्टी, प्रायमर आणि पहिला हात फरशीच्या आधी उरकून घ्या. शेवटचा हात स्कर्टिंग लागल्यावर, कारण ते बसवताना भिंतीच्या खालच्या वीतभर भागावर ओरखडे येतातच.